एकसष्टावा सेकंद

ज्या घरात पंचांग पाहण्याची पद्धत आहे त्या घरात 'क्षय तिथी' आणि 'वृद्धी तिथी' हे शब्द कानांवरून गेलेले असतात. एखाद्या पंधरवड्यात तृतीयेनंतर एकदम पंचमी उजाडते, चतुर्थीचा क्षय झालेला असतो. एखाद्या वेळी अष्टमी लागोपाठ दोन दिवस लिहिलेली दिसते. घरातील वडीलधाऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही. तिथी चंद्राच्या चालीवर मोजायची आणि दिवस सूर्योदयापासून धरायचा, असे दोन हिशेब एकत्र चालवायचे म्हटले की मेळ घालण्यासाठी कधी एक नाव गाळावे लागते, कधी एकच नाव दोनदा घ्यावे लागते, हे त्यांना ठाऊक असते.

आपल्या खिशातील फोन, बँकेतील संगणक, विमानाची तिकिटे देणाऱ्या यंत्रणा या सर्वांच्या घड्याळातही अशीच वृद्धी होते. ती तिथीची नसून सेकंदाची असते. १९७२ पासून आजवर ती २७ वेळा झाली आहे. पंचांगाने जी गोष्ट शतकानुशतके निमूटपणे सांभाळली, ती संगणकाला मात्र अजून नीट सांभाळता आलेली नाही. एका जादा सेकंदापायी विमानतळांवर प्रवासी ताटकळले आहेत आणि नामांकित कंपन्यांची यंत्रे बंद पडली आहेत. असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर आधी संगणक वेळ मोजतो तरी कशी, ते पाहावे लागेल.

संगणकाच्या पोटात क्वार्ट्झच्या स्फटिकाची एक बारीक चकती असते. क्वार्ट्झ म्हणजे आपल्या ओळखीच्या गारेचाच शुद्ध प्रकार. त्याला विजेचा दाब दिला की तो ठरावीक गतीने थरथरतो. मनगटी घड्याळात आणि संगणकातील वेळ राखणाऱ्या भागात हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरेल असा कापलेला असतो. हा आकडा लहरीने निवडलेला नाही. ३२,७६८ ची निम्मे-निम्मे अशी पंधरा वेळा विभागणी केली की बरोबर एक उरतो, आणि निम्मे करणे हे तर विजेच्या मंडलाचे सर्वांत सोपे काम. संगणक बंद असला तरी नाण्याएवढ्या सेलवर हा स्फटिक थरथरत राहतो. अर्थात तो काही ऋषी नव्हे. उन्हाळा-हिवाळा त्याला बाधतो. दशलक्षात वीस भागांची चूक ही अशा साध्या स्फटिकाची नेहमीची चूक, आणि तेवढ्याने दिवसाला पावणेदोन सेकंदांचा, म्हणजे महिन्याला पाऊण मिनिटाहून अधिक फरक पडतो.

ही थरथर मोजून संगणक एक संख्या वाढवीत जातो. त्याला तास, वार, महिना यांपैकी काहीही ठाऊक नसते. त्याच्यापाशी असते ती एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद लोटले याची मोजदाद. ही पद्धत युनिक्स या प्रणालीतून आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती प्रणाली रचली. १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली जात होती आणि आरंभ १ जानेवारी १९७१ चा होता. संख्येसाठी राखलेली जागा बत्तीस अंकांची (हे अंक द्विमान पद्धतीचे, फक्त शून्य आणि एक). ती जागा सव्वादोन वर्षांतच भरून जाणार हे उघड होते. मग साठावे भाग सोडून पूर्ण सेकंद मोजायचे ठरले आणि आरंभबिंदू १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचची मध्यरात्र हा कायम झाला. आज अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या सर्व्हरपर्यंत बहुतेक यंत्रे हाच शक मानतात.

आपल्याकडील ज्योतिर्गणिताच्या अभ्यासकाला हे सारे ओळखीचे वाटेल. आरंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या म्हणजे अहर्गण, आणि ग्रहांचे सर्व गणित त्यावरून करायचे, ही आपली जुनी रीत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ हा आरंभ धरून 'ग्रहलाघव' रचले. अहर्गण फार मोठा होऊ नये म्हणून त्यांनी अकरा-अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रे केली. चक्र पुरे झाले की मोजणी पुन्हा नव्याने सुरू. गुणाकार हाताने करणाऱ्या पंचांगकर्त्याचे श्रम त्यांनी असे वाचविले. संख्या आवाक्यात राहिली पाहिजे ही अडचण सोळाव्या शतकात पाटीवर होती तशीच विसाव्या शतकात तारांच्या जाळ्यात होती. युनिक्सने चक्रे केली नाहीत, आणि म्हणून ज्या जुन्या यंत्रांत अजून बत्तीस अंकांचीच जागा आहे त्यांच्यावर १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, संख्या भरून सांडण्याची पाळी येईल. पुढच्या क्षणी ती यंत्रे १९०१ सालचा डिसेंबर दाखवतील. परंतु तो वेगळा विषय आहे. त्यावर उपाय माहीत आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो झालाही आहे.

आपल्या विषयाची मेख पुढे आहे. संगणकातील त्या संख्येवरून तारीख काढायची कशी? ८६,४०० ने भागायचे. साठ सेकंदांचे मिनिट, साठ मिनिटांचा तास, चोवीस तासांचा दिवस. गुणाकार करा, ८६,४०० येतात. भागाकार म्हणजे लोटलेले दिवस आणि बाकी म्हणजे आजच्या दिवसातील वेळ. २०१७ साल उजाडले तेव्हा ग्रिनिचच्या मध्यरात्री ही संख्या १,४८,३२,२८,८०० होती. तिला ८६,४०० ने भागून पाहा, बरोबर १७,१६७ येतात आणि बाकी शून्य. १९७० ते २०१६ या सत्तेचाळीस वर्षांचे, बारा लीप वर्षे धरून, दिवस तितकेच भरतात. इतके साधे, इतके देखणे गणित. फक्त त्यासाठी प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच असला पाहिजे, आणि तो तसा नसतो.

का नसतो, ते सांगतो. पूर्वी सेकंद हा दिवसाचा भाग होता. पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी, म्हणजे एक सरासरी सौर दिवस, हे माप. त्याचा ८६,४०० वा भाग तो सेकंद. त्या व्याख्येत दिवस चुकूच शकत नव्हता. पण लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी १९५५ साली इंग्लंडमध्ये सिझियम अणूवर चालणारे घड्याळ बनविले आणि पृथ्वी हे घड्याळ किती ओबडधोबड आहे ते नीट मोजता येऊ लागले. १९६७ साली सेकंदाची व्याख्या बदलली. सिझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. त्या दिवसापासून सेकंद पृथ्वीच्या मालकीचा राहिला नाही.

नवा सेकंद जुन्याशी जुळावा म्हणून तो ज्या खगोलीय कोष्टकांवरून ठरविला, ती कोष्टके अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील वेधांवर बेतलेली होती. परिणामी आजचा आणवीय सेकंद हा साधारण १८२० च्या सुमाराच्या दिवसाचा ८६,४०० वा भाग आहे. दरम्यान भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गती किंचित मंदावत आली. १९७२ च्या सुमारास दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा सेकंदाच्या सुमारे तीन सहस्रांशांनी मोठा होता. तीन सहस्रांश म्हणजे काहीच नाही. पण रोज तीन, वर्षाचे एक हजाराहून अधिक, म्हणजे वर्षाला एक सेकंद. येथे एक गैरसमज नेहमी होतो. दर वर्षी एक सेकंद वाढवावा लागतो याचा अर्थ पृथ्वी दर वर्षी सेकंदभर मंदावते, असा नव्हे. रोज तीन पैसे कमी पडणाऱ्या हिशेबात वर्षअखेर रुपयाची तूट दिसते, तसे हे आहे. तूट साचत जाते.

ही साचलेली तूट भरून काढण्याची पद्धत १९७२ पासून सुरू झाली. जगाची व्यवहारातील वेळ आणवीय सेकंदांनी चालवायची, पण पृथ्वीच्या फेरीपासून ती ०.९ सेकंदापलीकडे ढळू द्यायची नाही. ढळेल असे दिसले की जून किंवा डिसेंबरच्या अखेरीस एक जादा सेकंद घालायचा. त्याचे नाव लीप सेकंद. त्या दिवशी ग्रिनिचच्या हिशेबाने २३ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंद झाले की लगेच मध्यरात्र होत नाही. मध्ये २३:५९:६० असा एक सेकंद येतो. शून्यापासून मोजले तर त्या मिनिटातील हा एकसष्टावा. आपली प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याकडे तो पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनंतर येतो. १ जानेवारी २०१७ रोजी तो असा आला तेव्हा भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील घड्याळातही तो घातला गेला. बहुसंख्य लोक त्या वेळी झोपेत होते हे आपले भाग्यच म्हणायचे. जपानात तोच सेकंद सकाळी नऊच्या ठोक्याला येतो.

लीप वर्षाला नियम आहे. चारने, शंभराने, चारशेने भागून पुढच्या हजार वर्षांची लीप वर्षे आज सांगता येतात. अधिक मासही गणिताने काढता येतो. लीप सेकंदाला मात्र नियम नाही, कारण पृथ्वीच्या गतीवर भरती-ओहोटीबरोबरच तिच्या गाभ्यातील द्रवाचा, वाऱ्यांचा, बर्फाचाही परिणाम होतो. ती प्रत्यक्ष मोजावी लागते. हे काम पृथ्वीच्या परिवलनाची नोंद ठेवणारी एक आंतरराष्ट्रीय सेवा करते आणि तिचे पत्रक पॅरिसच्या वेधशाळेतून दर सहा महिन्यांनी निघते: येत्या जूनअखेर किंवा डिसेंबरअखेर लीप सेकंद आहे, अथवा नाही. म्हणजे जी गोष्ट आज्ञावलीत एकदा लिहून विसरून जावी अशी असायला हवी, ती गोष्ट संगणकाला दर सहा महिन्यांनी बाहेरून विचारावी लागते. आज्ञावली लिहिणाऱ्यांचा लीप सेकंदावर राग आहे तो मुख्यतः यासाठी, आणि तो मला रास्त वाटतो.

विचारावी कोणाला? इंटरनेटवर वेळ सांगणारे सर्व्हर असतात, त्यांना. यासाठीची रीत अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी बसविली. तिचा पहिला मसुदा १९८५ चा. युक्ती मोठी गमतीची आहे. उत्तर यायला वाटेत वेळ लागतो, मग आलेली वेळ शिळी नाही का झाली? समजा, माझ्या घड्याळात १०० झाले असताना मी प्रश्न पाठविला (हे आकडे सेकंदाचे सहस्रांश). सर्व्हरच्या घड्याळात तो १६० ला पोचला, १६१ ला उत्तर निघाले आणि माझ्या घड्याळात १४१ ला ते मला मिळाले. माझ्या हिशेबाने जाऊन-येऊन ४१ लागले, त्यातला १ सर्व्हरकडे गेला. उरले ४०, म्हणजे एका वाटेला २०. तर मग माझा प्रश्न माझ्या घड्याळाने १२० ला पोचला असला पाहिजे, आणि तेथे तर १६० वाजले होते. मी ४० ने मागे आहे. जाण्या-येण्याच्या वाटा सारख्याच वेळेच्या आहेत एवढे गृहीत धरले की काम झाले. याच उत्तरात दोन अंकांची एक छोटी खूण असते: आजच्या दिवसाचे शेवटचे मिनिट ६० सेकंदांचे, की ६१ चे, की ५९ चे.

तर निरोप पोचला. आता संगणकाने काय करायचे? येथे खरी पंचाईत होते. ३१ डिसेंबर २०१६ च्या २३:५९:५९ या सेकंदाची संख्या १,४८,३२,२८,७९९. पुढील वर्षाच्या पहिल्या सेकंदाची संख्या १,४८,३२,२८,८००. या दोहोंच्या मध्ये एक खराखुरा सेकंद जगात घडला, सिझियमची आंदोलने झाली, माणसांनी श्वास घेतले. पण ७९९ आणि ८०० यांच्यामध्ये पूर्णांक नाही. ज्या क्षणी प्रत्येक दिवस ८६,४०० चा धरला त्याच क्षणी या सेकंदाचे नाव पुसले गेले. १९८८ साली युनिक्सवर्गीय प्रणालींसाठी पोसिक्स नावाचे प्रमाण ठरले, त्यातही भागाकाराची सोय राखली गेली. तेव्हा संगणकाने पंचांगाचाच मार्ग धरला: ७९९ दोनदा मोजायचे. लिनक्स ही प्रणाली अशा वेळी आपले घड्याळ एक सेकंद मागे ओढते. वृद्धी तिथीच ही.

फरक इतकाच की पंचांग वाचणारा माणूस असतो. अष्टमी दोन दिवस आली म्हणून तो कालचाच दिवस पुन्हा आला असे समजत नाही. आज्ञावली तसे समजते.

३० जून २०१२ च्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या रविवारी पहाटे, हे जगाला दिसले. लिनक्समध्ये वेळ राखणारा एक भाग असतो आणि 'अमुक वेळाने मला उठव' अशा विनंत्या सांभाळणारा, गजर लावणारा दुसरा भाग असतो. पहिल्याने घड्याळ सेकंदभर मागे घेतले, पण दुसऱ्याला सांगायचे राहून गेले. गजरवाला एक सेकंद पुढेच राहिला. एखादी आज्ञावली म्हणे, मला अर्ध्या सेकंदाने उठव. गजरवाल्याच्या हिशेबाने तो अर्धा सेकंद केव्हाच उलटून गेलेला, म्हणून तो तिला तत्काळ उठवी. ती पुन्हा झोपू पाही, तो पुन्हा उठवी. जावा भाषेतील आज्ञावल्या आणि मायएसक्यूएलसारखी माहितीची कोठारे अशा झोपमोडीत पूर्ण ताकदीनिशी निरर्थक धावत सुटली. रेडिट, मोझिला, लिंक्डइन यांची स्थळे अडखळली. ऑस्ट्रेलियात तेव्हा रविवारची सकाळ होती. क्वान्टास विमान कंपनीची प्रवाशांची नोंद करणारी यंत्रणा बंद पडली आणि कर्मचाऱ्यांना ते काम हाताने करावे लागले, उड्डाणे रखडली. हेट्झनर या जर्मन कंपनीने आपल्या ग्राहकांना कळविले की तिच्या यंत्रशाळांतील विजेचा वापर त्या रात्री सुमारे एक मेगावॅटने वाढला. एका सेकंदासाठी! उपाय मात्र हसू यावे इतका सोपा निघाला. संगणकाला त्याचीच वेळ विचारायची आणि तीच वेळ पुन्हा लावायची. तसे केले की गजरवाल्याला खबर लागे आणि सारे शांत होई.

हा दोष दुरुस्त झाला. पण २०१७ च्या नववर्षाच्या ठोक्याला दुसऱ्याच ठिकाणी ठिणगी पडली. क्लाउडफ्लेअर ही कंपनी इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगण्याचे काम करते. तिची एक आज्ञावली, दुसऱ्या सर्व्हरने उत्तर द्यायला किती वेळ घेतला हे मोजत असे: उत्तर आले तेव्हाची वेळ उणे प्रश्न पाठविला तेव्हाची वेळ. ही वजाबाकी ऋण येणे शक्य नाही, असे लिहिणाऱ्याने धरले होते. कोण धरणार नाही? प्रश्नाच्या आधी उत्तर कसे येईल? पण मध्ये घड्याळ सेकंदभर मागे गेले, वजाबाकी ऋण आली, आणि ती ऋण संख्या पुढे ज्या गणितात गेली त्याने हात टेकले. काही तासांत दुरुस्ती झाली, व्याप्तीही लहानच होती. परंतु धडा महत्त्वाचा मिळाला. शर्यतीच्या मैदानावर धावपटूचा वेळ कोणी मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे पाहून मोजत नाही. शर्यत चालू असताना कोणी वर चढून त्या घड्याळाचा काटा फिरविला तर काय घ्या! त्यासाठी हातात वेगळे घड्याळ असते, त्याला किती वाजले हे ठाऊक नसते, फक्त किती वेळ गेला हे ठाऊक असते आणि ते कधीही मागे जात नाही. संगणकातही अशी दोन घड्याळे असतात, पण वापरणारे त्यांची सर्रास सरमिसळ करतात. ज्या गो भाषेत ती आज्ञावली होती तिच्यात त्याच वर्षी सुधारणा होऊन दोन्ही घड्याळांची नोंद एकत्र ठेवली जाऊ लागली.

गूगलने निराळी वाट काढली. २००५ च्या लीप सेकंदाने आपल्या काही यंत्रणा अडखळल्याचे पाहून त्यांनी २००८ पासून तो सेकंद एकदम घालण्याचे सोडून दिले. पुढे रूढ झालेल्या त्यांच्या पद्धतीत आदल्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतच्या चोवीस तासांत प्रत्येक सेकंद साडेअकरा दशलक्षांशांनी लांबवतात. पोळीवर तुपाचा गोळा ठेवण्याऐवजी तो पोळीभर पसरावा तसे. कोणालाही धक्का लागत नाही, कोणतीही संख्या दोनदा येत नाही. मात्र त्या दिवसापुरता त्यांचा सेकंद हा सेकंद राहत नाही, आणि मध्यरात्री त्यांचे घड्याळ इतरांच्या घड्याळापासून अर्धा सेकंद दूर असते. दुसऱ्या एखाद्या कंपनीने तूप वेगळ्या वेळात पसरले असेल तर दोघांच्या नोंदींचा मेळ लागत नाही.

गंमत अशी की ही युक्ती नवी नाहीच. १९६१ ते १९७१ या काळात जगाची वेळ अशीच राखली जात होती: आणवीय घड्याळांची गती वर्षासाठी किंचित बदलायची, शिवाय अधूनमधून सेकंदाच्या दशांशाएवढे ढकलायचे. सेकंदाची लांबीच दर काही काळाने बदलते हे शास्त्रज्ञांना असह्य झाले, म्हणून तर १९७२ साली पूर्ण लीप सेकंद आला. छत्तीस वर्षांनी संगणकवाले फिरून त्याच जागी पोचले.

तिसरी वाट उपग्रहांची. जीपीएसचे घड्याळ ६ जानेवारी १९८० ला सुरू झाले आणि त्यात लीप सेकंद घालायचेच नाहीत असे ठरले. २०१७ पासून ते जगाच्या वेळेपेक्षा १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रह आपल्या संदेशातच सांगतात आणि फोन तो वजा करतो. भारताच्या 'नाविक' या उपग्रहमालेचे घड्याळही २२ ऑगस्ट १९९९ पासून असेच अखंड मोजले जाते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो आणि जागा ठरते ती त्याच्या प्रवासाच्या वेळेवरून. तेथे सेकंदाची उडी परवडणारी नव्हे. मला विचाराल तर ही सर्वांत प्रामाणिक पद्धत आहे. मोजायचे ते अखंड मोजावे. लोकांना दाखवायची वेळ त्यावरून वेगळी काढावी. युनिक्सने मोजणी आणि नामकरण ही दोन कामे एकाच संख्येवर लादली, आणि तेथून सारा घोटाळा निघाला.

मग लीप सेकंद बंदच का करू नये? हा वाद दोन दशके चालला. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्साय येथे वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला की २०३५ पर्यंत, शक्य तर त्याआधी, ०.९ सेकंदाची मर्यादा वाढवावी. मर्यादा पुरेशी वाढली की लीप सेकंद पुष्कळ काळ लागणारच नाही. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांचे घड्याळ लीप सेकंद धरून चालते, त्यामुळे त्या देशाला अधिक मुदत हवी होती. ब्रिटनमध्ये ग्रिनिचच्या वेळेचा सूर्याशी असलेला संबंध तुटेल याची हळहळ होती.

सामान्य माणसाचे यात काही बिघडते का? गेल्या हिशेबाने मिनिटभराचा फरक पडायला सुमारे शंभर वर्षे लागतील. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे आहे. १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी ती सहजासहजी मानली नाही, 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत शहरात टिकून होता. पण आज सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटे झालेली असतात याची दखल तरी कोण घेतो? जे ३९ मिनिटे विसरले ते एक मिनिट सहज विसरतील. दुर्बीण चालवणाऱ्यांचे तसे नाही. एका सेकंदात आकाश चंद्रबिंबाच्या सव्वाशेव्या हिश्श्याइतके सरकते, आणि नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीसारख्या यंत्राला पृथ्वीचा त्या क्षणीचा कोन नेमका ठाऊक असावाच लागतो. पण तो कोन त्यांना पत्रकांतून आजही मिळतो, उद्याही मिळेल. म्हणून ठराव मला मान्य आहे. खटकते ते एवढेच की मर्यादा किती वाढवायची हा प्रश्न त्यात मोकळा ठेवला गेला. शंभर वर्षांनी एकदम मिनिटभराची उडी घ्यायची ठेवली, तर ज्यांना सेकंदाची उडी झेपली नाही त्यांच्या नातवंडांवर आपण मिनिटाची टाकू.

या वादाला घाई आली ती पृथ्वीमुळे. २०२० पासून ती थोडी जलद फिरू लागल्याचे आढळले. ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा सेकंदाच्या १.६६ सहस्रांशांनी लहान भरला. ३१ डिसेंबर २०१६ नंतर एकही लीप सेकंद लागला नाही, याचे कारण हेच. ही चाल टिकली तर सेकंद वाढविण्याऐवजी गाळावा लागेल: २३:५९:५८ नंतर एकदम मध्यरात्र. क्षय तिथी. आजवर असा क्षय एकदाही झालेला नाही, त्यामुळे त्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या जगाच्या व्यवहारात एकदाही पारखल्या गेलेल्या नाहीत. संख्या दोनदा येणार नाही हे खरे. पण बरोबर २३:५९:५९ ला करावयाचे म्हणून नेमून ठेवलेले काम त्या दिवशी होणारच नाही.

डंकन अ‍ॅग्न्यू या अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञांनी २०२४ साली 'नेचर'मध्ये याचे गणित मांडले. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की गिरकी वाढते, हात ताणून मागे झुकल्या की कमी होते. ध्रुवांवरचे बर्फ वितळून ते पाणी विषुववृत्ताकडे पसरते आहे, म्हणजे पृथ्वी हात ताणते आहे आणि तिची गिरकी तेवढी मंदावते आहे. हे वितळणे नसते तर क्षय सेकंदाची वेळ २०२६ च्या सुमारास आली असती. ते असल्यामुळे ती २०२९ पर्यंत लांबली, असा त्यांचा निष्कर्ष. गाभ्याची चाल बदलली तर तीही टळेल.

तोपर्यंत पॅरिसचे पत्रक वर्षातून दोनदा निघतच राहते. २०१६ नंतर त्यात प्रत्येक वेळी एकच ओळ आली आहे, या खेपेला लीप सेकंद नाही, आणि ती ओळ वाचून यंत्रे आपल्या लीप सेकंदांच्या यादीवरची मुदत आणखी सहा महिन्यांनी पुढे ढकलतात.